घरच्या स्विमिंग पुलात क्लोरीन कमी करून ‘मिनरल’ टाकावं का?

द्राक्षवेल
१२ मे, रात्री ९:४०

लोकहो, नमस्कार. प्रश्न श्रीमंती थाटाचा वाटेल, पण आधी ऐकून घ्या.

आम्ही दिंडोरीकडचे द्राक्षवाले. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, यांना पाण्यात चालवा. रोज नाशिकला नेणं-आणणं काही जमेना, म्हणून मागच्या दिवाळीत घरामागे छोटा पूल बांधून घेतला. ८ मीटर बाय ४ मीटर, एका टोकाला तीन फूट, दुसऱ्या टोकाला साडेपाच फूट. पाणी साधारण ४२ हजार लिटर, बोअरचं. आई त्याला पूल म्हणत नाहीत, हौद म्हणतात. रोज सकाळी सातला नऊवारीचा काचा मारून त्यात उतरतात आणि दांडी धरून चाळीस फेऱ्या चालतात. चाळीस म्हणजे चाळीस. एकोणचाळीसला हाक मारली तरी वर येत नाहीत.

देखभालीला कंत्राटदाराचा पोरगा गुरुवारी आणि रविवारी येतो. ब्रश मारतो, रेतीचा फिल्टर बॅकवॉश करतो (उलटं पाणी सोडून धुतो), दोन ओंजळी टीसीसीए नावाची क्लोरीनची पावडर टाकतो आणि छोट्या नळीत दोन थेंब टाकून दाखवतो: ‘बघा काकू, पिवळं आलं, क्लोरीन ओके.’

एप्रिलपासून मात्र ओके वाटत नाहीये. पाण्याजवळ गेलं की दवाखान्यासारखा वास. आईंचे डोळे लाल होतात, अंग खाजतं. टाइलच्या सांध्यांत हिरवट-राखाडी डाग धरलेत, घासून जात नाहीत. तरी पाणी नितळ आहे, तळाला पडलेली टिकली दिसते.

गेल्या आठवड्यात एक विक्रेते आले. त्यांचं ‘मिनरल’ यंत्र फिल्टरच्या पाइपला जोडायचं. आत तांबं आणि चांदी. क्लोरीन जवळजवळ बंद, म्हणे; आठवड्याला चिमूटभर पुरे. नासाचं तंत्रज्ञान, म्हणे. आणि शेवटी हुकमाचं पान: ‘आजी, आपले पूर्वज तांब्याच्या हंड्यात पाणी का ठेवायचे?’ आईंच्या उशाशी रात्रभर तांब्याचं फुलपात्र असतं. त्या तिथेच पाघळल्या. किंमत २६ हजार, वर दर सहा महिन्यांनी साडेसात हजारांचं कार्ट्रिज.

२० तारखेला भाचरं येतायत, पाच जण, सगळ्यात धाकटं तीन वर्षांचं. घ्यावं का हे यंत्र? खरंच क्लोरीन कमी करता येतं? की वासाचं कारण वेगळंच काही आहे? जाणकारांनी सांगावं.

अवांतर: आईंचे पांढरेशुभ्र केस हल्ली हिरवट दिसतात. शाम्पू बदलून पाहिला, फरक नाही.

---

फ्लॅट_४०२
१२ मे, रात्री १०:१५

२६ हजार कशाला घालवता? मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका. आमच्या सोसायटीच्या पुलाला आमचा माणूस वर्षानुवर्षं टाकतो. पाणी कसं निळंशार राहतं. तुम्ही द्राक्षवाले, तुमच्या घरात तर पोतंच असेल.

---

ओटीकाका
१३ मे, सकाळी ६:०५

ताई, जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यात ३१ वर्षं काढली. गावोगावी ओटी टेस्ट (पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी) करत हिंडलो, त्यावरूनच इथलं नाव. पुलांचा तज्ज्ञ नाही, पण क्लोरीनशी माझा संसार बायकोपेक्षा जुना आहे.

आधी हंड्याचं. तांब्याच्या भांड्यात जंतू मरतात, ही गोष्ट खरी आहे. पण कधी? रात्रभर ठेवल्यावर. म्हणून तर फुलपात्र उशाशी भरून ठेवतात आणि सकाळी पितात. पुलात ती सवड नसते. एका पोराने पाण्यात घाण केली आणि शेजारच्या पोराने त्याच मिनिटाला घोट गिळला, तर तांबं तिथे काय करणार? क्लोरीन १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम) असेल आणि पीएच साडेसातच्या आसपास असेल, तर ई-कोलाय एका मिनिटाच्या आत मरतो. काविळीचा अ विषाणू सुमारे १६ मिनिटं घेतो, जिआर्डिया हा जुलाबाचा परजीवी ४५ मिनिटं. क्रिप्टोस्पोरिडियम म्हणून एक चिवट जीव आहे, तो तर १० दिवसांवर टिकतो, म्हणून जुलाब लागलेल्या पोराला पाण्यात सोडायचंच नाही, मग पुलात काहीही टाकलेलं असो. हे आकडे अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचे. तीच संस्था घरच्या पुलासाठी किमान १ पीपीएम मोकळा (कशाला न अडकलेला) क्लोरीन सांगते, स्टॅबिलायझर (त्याचं पुढे सांगतो) वापरत असाल तर किमान २, आणि पीएच ७ ते ७.८.

नासाचंही खोटं नाही. अपोलोच्या काळात त्यांनी चांदीचे आयन सोडणारं छोटं यंत्र तयार केलं होतं. पण ते अंतराळवीरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी, बंद टाकीसाठी. त्या टाकीत पाच भाचरं उड्या मारत नव्हती.

थोडक्यात, तांबं शेवाळ रोखतं, चांगलं रोखतं. चांदी जंतूंना जरा दाबते. ही क्लोरीनच्या हाताखालची माणसं. क्लोरीनची खुर्ची त्यांना देऊ नका.

आता वासाचं. लोकांना वाटतं वास आला म्हणजे क्लोरीन जास्त झाला. बहुतेक वेळा उलट असतं. घाम, लघवी, अंगाचं तेल यांच्याशी क्लोरीन जुळला की क्लोरामाइन होतं. नाकाला झोंबतं ते हे, डोळे लाल करतं तेही हेच. मोकळा क्लोरीन कमी पडला की हे साचत जातं. आणि तुमच्या पोराची ती पिवळी नळी म्हणजे आमचीच ओटी. ती मोकळा आणि अडकलेला असा दोन्ही क्लोरीन एकत्र दाखवते. नळाच्या पाण्याला ठीक आहे, तिथे ०.२ आहे की नाही एवढंच बघायचं असतं. पुलाला डीपीडीचं किट मागवा, गुलाबी रंगाचं. त्यात मोकळा वेगळा कळतो, एकूण वेगळा. दोन्हींतला फरक ०.४ च्या वर असेल तर तुमचा वास सापडला.

आणखी एक. टीसीसीए ही नुसती क्लोरीनची पावडर नाही. तिच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग सायन्युरिक ॲसिड असतो, त्यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. उन्हात क्लोरीन उडू नये म्हणून तो थोडा हवाच, ३० ते ५० पीपीएम. पण क्लोरीन खर्च होतो, हा होत नाही. पाण्याबरोबर उडतही नाही. सहा महिने टीसीसीएच टाकत राहिलात तर तो शंभराच्या वर गेला असणार, आणि मग क्लोरीन असून नसल्यासारखा. हात-पाय बांधलेला पैलवान.

यंत्र घेण्याआधी पाणी तपासा. मोकळा क्लोरीन, एकूण क्लोरीन, पीएच, कठीणपणा, स्टॅबिलायझर आणि तांबं.

हो, आणि घरात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) असेल तर ती आणि टीसीसीए एका कपाटात ठेवू नका, एका मगाने तर अजिबात काढू नका. दोन्ही पावडरी पांढऱ्या, दोन्ही क्लोरीनच्या, म्हणून माणूस फसतो. एकत्र आल्या आणि ओल लागली की पेट घेतात.

---

तिरफळ
१३ मे, सकाळी ११:२०

काकांनी यादीत शेवटी तांबं लिहिलं, मी ते पहिलं लिहिलं असतं.

मी गोव्यात पार्लर चालवते, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. सीझनमध्ये दरवर्षी दोन-तीन तरी सोनेरी केसांच्या बायका रडवेल्या होऊन येतात: हॉटेलच्या पुलात आठवडाभर पोहले आणि केस हिरवे झाले. सगळे क्लोरीनला शिव्या घालतात. क्लोरीन नव्हे, तांबं. ते केसाला धरतं. काळ्या केसांवर दिसत नाही म्हणून आपल्याला माहीत नसतं. आजींचे केस पांढरेशुभ्र, त्यांच्यावर दिसणारच.

ताई, तुमच्या पुलात आधीच कुठून तरी तांबं येतंय. यंत्र बसवायच्या आधीच.

केसांना: लिंबूसत्त्व कोमट पाण्यात कालवून, पातळ लेप, पंधरा मिनिटं, मग धुवायचं. डोळ्यांत जाऊ देऊ नका. एका वेळेत जात नाही.

---

ब्रिस्बेनकर
१३ मे, दुपारी ३:५०

इथे परसात पूल असणं म्हणजे आपल्याकडे तुळशीवृंदावन असण्यासारखं, त्यामुळे चुका करायला भरपूर वाव मिळालाय.

तीन वर्षं तांबं-चांदीचं कार्ट्रिज वापरलं. खरं सांगतो, शेवाळ कमी झालं. पूर्वी उन्हाळ्यात आठवडाभर दुर्लक्ष केलं की भिंती बुळबुळीत व्हायच्या, ते थांबलं. पण क्लोरीन बंद झाला नाही. माझ्या कार्ट्रिजच्या डब्यावरच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की किमान ०.५ पीपीएम क्लोरीन ठेवा. विक्रेता मोठ्याने सांगतो ते एक आणि डब्यावर बारीक छापतात ते एक. मी पोरं असतात म्हणून २ च्या खाली कधी जाऊ दिला नाही. म्हणजे बचत म्हणाल तर कार्ट्रिजचा खर्चही भरून निघाला नाही.

मग एका वर्षी गणपतीला भारतात आलो, दोन आठवडे पूल रामभरोसे. परत आलो तर पीएच ८.२ आणि पायऱ्यांवर हिरवट-राखाडी डाग. पीएच चढला की पाण्यातलं तांबं बाहेर पडून प्लास्टरवर बसतं. तुमच्या टाइलच्या सांध्यांचं वर्णन वाचून मला माझ्या पायऱ्या आठवल्या.

इथे ‘मिनरल पूल’ नावाने आणखी एक प्रकार चालतो, त्याची गल्लत करू नका. त्यात मिठाऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइडच्या गोण्या ओततात. पाणी अंगाला मऊ लागतं, शेजाऱ्यांकडे आहे, मलाही आवडतं. पण पाइपवरच्या सेलमध्ये वीज सोडून त्या क्लोराइडमधून क्लोरीनच तयार होतो. म्हणजे पूल क्लोरीनचाच, बारशात नाव बदललं.

मला विचाराल तर सगळ्या पुरवण्यांमध्ये पैसे वसूल करणारी एकच, बोरेट. बोरिक ॲसिड टाकून बोरॉन ५० पीपीएमच्या आसपास नेलं की पीएच सारखा वर पळत नाही, शेवाळालाही थोडा आळा बसतो. तुमच्या पुलाला १२ किलोच्या आसपास लागेल, एकदाच. फक्त कुत्रा पुलातलं पाणी पीत असेल तर नको.

---

द्राक्षवेल
१३ मे, रात्री ८:३०

काका, तिरफळ, ब्रिस्बेनकर, खूप आभार. ४०२, तुमचेही, पण तुमच्या सल्ल्याकडे उद्या वळते. मनात एक शंका आलीय.

ब्रिस्बेनकर, बोरेट आमच्याकडे बाद. आम्ही बागेला बोरॉन ग्रॅमात मोजून फवारतो. पाण्यात १ पीपीएमच्या आसपास गेलं की द्राक्षाची पानं कडेने करपायला लागतात, आणि तुम्ही ५० म्हणताय! आमचं बॅकवॉशचं पाणी उताराने थेट बागेकडे जातं. यजमानांना हे वाचून दाखवलं तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

कुत्रा आहे. पुलातलंच पाणी पितो. बोरेट दोनदा बाद.

---

द्राक्षवेल
१७ मे, सायंकाळी ६:५५

शंका खरी निघाली.

गुरुवारी पोरगा आला तेव्हा मी पुलाजवळच भाजी निवडत बसले. ब्रश झाला, बॅकवॉश झाला, पावडर झाली. मग त्याने पिशवीतून श्रीखंडाचा जुना डबा काढला आणि त्यातलं काहीतरी मूठभर फिल्टरच्या टोपलीत टाकलं. मी उठून डबा हातात घेतला. निळे खडे. पंचवीस वर्षं बागेवर फवारायचं बोर्डो मिश्रण ढवळलेल्या बाईला तो निळा ओळखायला किट लागत नाही. मोरचूद!

‘हे कधीपासून टाकतोस रे?’ ‘सुरुवातीपासून काकू, दर पंधरा दिवसांनी. त्यानेच तर तुमचा पूल हिरवा होत नाही.’ पोराने लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, त्याने सांगितलं नव्हतं. त्याला त्याच्या सेठने शिकवलं, आणि सेठला कोणी शिकवलं देव जाणे.

नेमकी त्याच दिवशी बागेच्या विहिरीच्या पाण्याची बाटली लॅबला जाणार होती. तिच्यासोबत पुलाची एक बाटली दिली. लॅबवाला हसला, पण केलं. डीपीडीचं किट आणि स्टॅबिलायझरची ती काळ्या ठिपक्याची नळी ऑनलाइन आली. आकडे असे:

पीएच ८.१. मोकळा क्लोरीन ०.८, एकूण १.८. कठीणपणा ५२०. तांबं ०.९.

स्टॅबिलायझरच्या नळीत ठिपका तळापासून दोन बोटांवरच दिसेनासा झाला, म्हणजे नळीच्या मापाबाहेर. मग निम्मं साधं पाणी मिसळून पुन्हा केलं, ६० आलं. म्हणजे १२० ना?

---

ओटीकाका
१७ मे, रात्री ९:१०

बरोबर, १२०. पाणी अर्ध्यावर पातळ करून पुन्हा मोजलंत, शाब्बास. आमच्या खात्यातल्या अर्ध्या लोकांना हे सुचत नसे.

मोरचुदाचा हिशोब बघा. मोरचुदात तांबं असतं साधारण चौथा हिस्सा. तुमच्या ४२ हजार लिटरला ०.३ पीपीएम तांबं आणायला १२-१३ ग्रॅम तांबं लागतं, म्हणजे ५० ग्रॅम मोरचूद. पोराची मूठ तेवढीच धरा. तेवढी एकदाच टाकून थांबला असता तर बोलायला जागा नव्हती, विक्रेत्याचं यंत्र साधारण तेवढंच तांबं सोडतं. पण क्लोरीन उन्हात उडतो, खर्च होतो; तांबं कुठेच जात नाही. दिवाळीपासून १३ मुठी म्हणजे जवळजवळ ४ पीपीएम. लॅबला सापडले ०.९. बाकीचे ३ कुठे गेले? सांध्यांत, फिल्टरच्या रेतीत आणि आजींच्या डोक्यावर.

म्हणजे ताई, तुमच्या हौदात ‘मिनरल’ दिवाळीपासूनच आहे. सहा महिने तुम्ही तोच प्रयोग केला, श्रीखंडाच्या डब्यातून. निकाल समोर आहे: शेवाळ नाही, पाणी नितळ, आणि डोळे लाल. तांब्याने पाणी हिरवं होऊ दिलं नाही म्हणून क्लोरीन कमी पडतोय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. एरवी शेवाळाने एप्रिलमध्येच बोंब मारली असती.

अडकलेला क्लोरीन १.०, वास तोच. आणि स्टॅबिलायझर १२० असताना मोकळा ०.८ म्हणजे नसल्यात जमा. या स्थितीत भाचरांना उतरवू नका.

उपाय नवीन काही टाकण्यात नाही, काढण्यात आहे. पाणी बदला. निम्मं तरी. मोरचूद बंद, टीसीसीए बंद. त्याऐवजी द्रवरूप हायपोक्लोराइट, १० टक्क्यांचं. १ लिटरने तुमच्या पुलात सुमारे २.४ पीपीएम क्लोरीन वाढतो. मेच्या उन्हात रोज लिटरभर लागेल, सूर्य मावळल्यावर टाका. कॅन लहान घ्या आणि सावलीत ठेवा, गरमीत त्याचा जोर उतरतो. टीसीएल नको, तिच्यातला चुना तुमच्या ५२० मध्ये आणखी भर घालील. पीएच हळूहळू साडेसातवर आणा, हार्डवेअरच्या दुकानातलं ॲसिड, एका वेळी अर्धा लिटर, बादलीभर पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी नाही. आणि हायपोच्या जवळपासही नाही, क्लोरीनचा वायू सुटतो.

काढायचं पाणी आधी दोन दिवस क्लोरीन न टाकता उन्हात राहू द्या, मग सोडा. पण शेततळ्यात मासे असतील तर तिकडे एक थेंब नको. तांबं माणसापेक्षा माशाला फार लवकर भोवतं.

---

द्राक्षवेल
१८ मे, दुपारी २:१५

काका, निम्मं पाणी! एप्रिल छाटणी होऊन महिना झालाय, काड्या आता कुठे वाढतायत. बोअर दोन तास चालून धापा टाकतं. सकाळी चहाच्या वेळी विषय काढला तर यजमान म्हणाले, ‘मी एकेका वेलीला ठिबकने लिटरं मोजून पाजतोय आणि तू २० हजार लिटर बांधावर ओतणार?’ त्यांचं चुकत नाही.

तह असा झाला: एक टँकर आणि वरचं बोअरचं, म्हणजे एक तृतीयांश पाणी बदलायचं. काढलेलं पाणी बांधावरच्या नारळांना. शेततळ्यात रोहू आहेत, तिकडचा पाइप काढून ठेवलाय.

---

ब्रिस्बेनकर
१८ मे, दुपारी ४:४०

तेवढ्याने १२० चे ८० होतील. ८० ला मोकळा क्लोरीन निदान ६ ठेवा, म्हणजे खरं काम होईल. आकडा मोठा वाटतो, पण स्टॅबिलायझर असला की त्यातला बराचसा बांधलेलाच असतो.

बाकीचं पाणी विकत कशाला घेता? तीन आठवड्यांत वरून फुकट पडणार आहे. पाऊस सुरू झाला की दर मोठ्या सरीआधी वितभर पाणी सोडा आणि आभाळाला भरू द्या. पावसाच्या पाण्यात ना चुना, ना तांबं, ना स्टॅबिलायझर. मी इथे दर उन्हाळ्यातल्या वादळांना हेच करतो.

---

ओटीकाका
१८ मे, सायंकाळी ५:३०

लाख बोललात. फक्त ताई, पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करायचा मोह धरू नका. जमिनीत पाणी वर आलेलं असतं, रिकामा पूल खालून उचलला जातो आणि तडकतो. वितभरच काढा.

---

फ्लॅट_४०२
१८ मे, रात्री ११:०५

हे सगळं वाचून आज आमच्या माणसाला विचारलं, किती टाकतोस? तो म्हणाला, ‘अंदाजे.’ किती दिवसांनी एकदा? ‘पाणी फिकट वाटलं की.’ आमच्या पुलाची बाटली कुठे द्यायची, काका?

---

द्राक्षवेल
३ ऑगस्ट, सकाळी ८:१०

बरेच दिवस आले नाही, क्षमस्व. भाचरं आली, गेली, मग पाऊस.

२० मेला मुलांना उतरवलं नाही. पाणी बदलून, रोज संध्याकाळी हायपो टाकून, पीएच खाली आणून २४ तारखेला उतरवलं. तोवर पाच पोरांनी घर डोक्यावर घेतलं होतं. नियम एकच ठेवला: आधी साबणाने आंघोळ आणि लघवी, मग पूल. माझी मधली जाऊ दाराशीच उभी राहून हजेरी घ्यायची. तीन वर्षांच्या धाकट्याला पुलात न नेता बाहेर प्लास्टिकच्या टबात ताजं पाणी भरून दिलं. तो सगळ्यात खूश.

वास चारच दिवसांत गेला. इतके दिवस दोष क्लोरीनला दिला आणि क्लोरीन दसपट वाढवल्यावर वास गेला, हे यजमानांना अजून पटलेलं नाही.

जूनपासून ब्रिस्बेनकरांचा वितभराचा नियम पाळला. आमच्या पर्जन्यमापकात आजवर ४०० मिलिमीटर. काल पुन्हा सगळं मोजलं: पीएच ७.५, मोकळा ४.५, अडकलेला ०.२, स्टॅबिलायझर ५५, तांबं ०.४. पीएच सांभाळणारी क्षारता मात्र पावसाने खाली आली, तिला खाण्याचा सोडा टाकतेय. सांध्यांतले डाग: लिंबूसत्त्वाची पुरचुंडी दाबून धरली की फिके होतात, पण ३२ चौरस मीटरचा तळ कोण दाबत बसणार? पायऱ्यांपुरतं केलं.

मोरचूद मेमधल्या त्या गुरुवारनंतर एक खडाही नाही आणि भिंती आता जरा बुळबुळीत होतात, हे कबूल करते. आठवड्यातून दोनदा ब्रश जोरात मारावा लागतो. पुढच्या उन्हाळ्यात तांबं ०.२ च्या खाली गेलं तर लॅबचा आकडा बघून ५० ग्रॅम वजन करून टाकायचं का, ते तेव्हा ठरवू. काट्यावर वजन करून. श्रीखंडाचा डबा मी ठेवून घेतलाय.

विक्रेते जूनमध्ये परत आले होते. त्यांना लॅबचा कागद दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, ‘मॅडम, तांबं आहेच तर चांदी तरी घ्या.’

---

तिरफळ
३ ऑगस्ट, सकाळी १०:३५

आजींच्या केसांचं काय ते सांगा आधी.

---

द्राक्षवेल
३ ऑगस्ट, दुपारी १:००

मुळाशी पांढरे, टोकाला हिरवे. तुमचा लेप दोनदा लावला, निम्मा रंग उतरला. तिसऱ्यांदा बसायला तयार नाहीत. म्हणतात, पंधरा मिनिटं डोकं धरून बसण्यात माझ्या दहा फेऱ्या होतात, आता गौरी-गणपतीला बघू.